काळी मुसळी आणि माझे साडू

सर्जेराव गेल्याचा मेहुणीचा फोन आला, तेव्हा मी दुकानात एकाशी किडक्या हिरड्यावरून भांडत होतो. भांडण अर्ध्यावर टाकून राजारामपुरीला गेलो. सहा वर्षांनी त्यांच्या घरात पाऊल टाकलं, तेही असं...

सर्जेराव माझे साडू. ते गडहिंग्लजला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. माझं कोल्हापुरात शिवाजी पेठेत जडीबुटीचं दुकान. मी नववी नापास. डोक्यावर पोती वाहून धंदा उभा केला, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. तरी आमचं जमायचं. एखादी मुळी ओळखू आली नाही की मी त्यांना दाखवायचो, आणि ते नावाबरोबर तासभर तिचं पुराण सांगायचे.

एका पावसाळ्यात ते मला गगनबावड्याकडच्या एका मालकी रानात घेऊन गेले. झाडांच्या सावलीत, गवतात, जमिनीला चिकटून सहा पाकळ्यांची पिवळीधमक फुलं होती. काळी मुसळी. आयुष्यभर मी तिची मुळी विकली, फूल मात्र पहिल्यांदाच बघत होतो. सर्जेराव चिखलात पालथे पडले आणि मलाही पाडलं. "पावणं, फूल वर दिसतंय, पण बी धरतंय मातीच्या आत. पानाच्या बुडात. पानं पिवळी पडल्याबिगर हिला हात लावायचा न्हाय." पानाचं टोक भुईला टेकलं तर तिथंही कधीकधी नवं रोप धरतं, हेही त्यांनी दाखवलं.

मी ऐकलं सगळं, पण डोक्यात धंदाच होता. फूल नसलं की ही मुसळी गवतात सापडत नाही, म्हणून खणणारे फूल बघूनच खणतात. आमच्या धंद्याची रीतच ती. चार दिवसांनी रानाच्या मालकाला पैसे देऊन मी माझे गडी तिथं पाठवले.

सर्जेरावांना कळलं. भर बाजाराच्या वेळी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "बाळंतिणीला खाटंवरनं उचलून बाजारात आणलंसा की!" मीही पेटलो. म्हटलं, "तुमाला पगार हाय म्हणून फुलं सुचत्यात. माझं पोट मुळीवर हाय. निघा हितनं!" ते निघाले. पुन्हा आले नाहीत. माझ्या थोरलीच्या लग्नातही मेहुणी एकटीच आली. चूक माझी असेल, पण चारचौघांत अपमान त्यांनी केला होता. आधी त्यांनी यावं, असं मी धरून बसलो.

तेराव्यानंतर पावसाने जोर धरला आणि काय वाटलं कोण जाणे, मी त्या रानात गेलो. उजाड माळ बघायला मिळणार, अशी खात्री होती. सावलीत जागोजागी पिवळी फुलं होती. रानाचे मालक बंडूतात्या छत्री घेऊन आले.

"ही कुठनं आली?" मी विचारलं.

"मास्तरांनी लावली की. तुमचं गडी मुळी कापून न्यायचं आणि पानांसकट शेंडं तितंच टाकायचं. मास्तर दुसऱ्या दिवशी आलं. पाटीत शेंडं गोळा केलं आणि चार दिवस पावसात लावत बसलं. काय जगलं, काय मेलं. म्होरं दरसाल येऊन बघायचं."

माझा आवाज चढला. "मग मला एका शब्दानं सांगितलं न्हाय त्येंनी?"

तात्या जरा घुटमळले. "मी म्हटलं हुतं त्यास्नी, साडूला सांगा म्हणून. तर म्हणालं, रान पुन्हा भरलंय हे कळलं तर पावणं पुन्हा खणाय यील."

मी आलोच असतो. माणूस शिकवायचा झाडांचं, पण मला त्यांनी बरोबर ओळखलं होतं. राग त्याचाच जास्त येतो... सांगून बघायला काय हरकत होती?

परवा एक खणणारा ओल्या मुसळीचं पोतं घेऊन दुकानात आला. मुळी जाड, काळीभोर, माल एक नंबर. मी पोतं पालथं केलं.

"शेंडं कुठं हाईत?"

"शेंडं काय करायचं, शेठ? टाकलं रानात."

मी एवढ्यांदा ओरडलो की समोरचा न्हावी बाहेर आला. माल पोत्यात भरून त्याच्या गाडीवर परत टाकला.

"आधी ते लावून ये जा. मग भावाचं बोलू."