खरबूजवाल्याचं रक्त

"खाल्लं न्हाई म्हंतोय न्हवं? तुझ्या आईची शप्पत."

"आई मेली, तवापास्नं तिची शप्पत लई स्वस्त झालीया," मुअत्तर बापाला म्हणाली. "माझ्या मोबाईलवर तुमची साखर सोळा आलीया. दहाच्या आत पायजे. उद्यापास्नं दुकान बंद. घरी बसा आन् नातवंडांची ढुंगणं धुवा."

गुलिस्तान शहराच्या सडकेला मुअत्तरचा बाप होलमुरोद चाळीस वर्षं खरबुजं विकत होता. टिचकी मारून खरबुजाचं पोट सांगायचा, गिऱ्हाईक बायकोशी भांडून आलंय का तेही. घरी बसवलं तर हा माणूस आठवड्यात कुजला असता.

साखरेचं दुखणं लागलं तेव्हा लेकीनं दवाखान्यातनं त्याच्या दंडावर चकती बसवून आणली. चकती अंगातली साखर मोजायची आणि मोबाईल लेकीकडं चुगली करायचा. चकती ताळ्यावर राहावी म्हणून रोज बोट टोचायचं, छोट्या यंत्रावर रक्ताचा आकडा बघायचा आणि तो मोबाईलात भरायचा. होलमुरोद हे इमानानं करी. बोट आधी कमरेच्या रुमालाला पुसून.

"चकती खोटी बोलतीया," तो म्हणाला. "बोटाला इचार." त्यानं बोट पुसलं, टोचलं. साडेसोळा.

शेजारच्या दुकानातला नोरकुल खरबूज चिरत ऐकत होता. अंगानं वाळकी शेंग, जीभ मात्र रसाळ. "चोरून खायाचंच हुतं तर एखादी बाई तरी बघायची, होलमुरोद. खरबुजापायी अब्रू घालवलीस. आण हिकडं, निरोगी रगात कसं असतंय दावतो."

मुअत्तरनं नवी सुई लावून त्याचं बोट टोचलं. एकोणीस.

नोरकुल खरबुजांच्या ढिगावरच बसला. "माझ्या बायकूला सांगा," तो म्हणाला, "पर हळू सांगा."

होलमुरोद पोट धरून हसला आणि मधेच थांबला. नोरकुलच्या कोपरापर्यंत रस ओघळलेला. टोचल्या बोटावर गांधीलमाशी बसलेली.

"ह्या माशीला कळलं, आपल्याला न्हाई," तो म्हणाला. दवाखान्यातल्या बाईनं हात धुवून टोचा म्हणून बजावलं होतं. त्याला वाटलं होतं, बायका सगळ्यांनाच हात धुवा म्हणतात. आणि रुमाल तर हंगामभर रसातच भिजलेला.

साबण आला. दोघांनी कोपरापर्यंत हात घासले, कोरडे केले. नोरकुलचा आकडा पाच. त्यानं बायकोचा विषय काढलाच नाही. होलमुरोदचा साडेसात.

मुअत्तरनं तो आकडा मोबाईलात भरला. "रोज खरबुजाचंच रगात भरत हुता व्हय? चकतीबी त्येच शिकली. त्या आकड्यावर मी तुमची इन्सुलिनची सुई वाढवली असती तर हितंच आडवं झाला असता."

"आन् दुकान?"

"बसा. पर उद्या सकाळी हात धुताना मी समोर हाय."

सडकेला ट्रक थांबला. "दोन दे, म्हाताऱ्या, गोड बघून," ड्रायव्हर खिडकीतनंच ओरडला. होलमुरोदनं एक उचललं, कानाशी धरून टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि ते बाजूला ठेवून दुसऱ्याला हात घातला.