उदाहरणासह स्पष्ट करा

समाजशास्त्र हा विषय आमच्या वर्गातल्या मावशींइतका कोणाला कळला असेल असं मला वाटत नाही. आणि परीक्षेत तो त्यांच्याइतक्या धोकादायक पद्धतीने कोणी लिहिला असेल असंही वाटत नाही. बी.ए.ची तिन्ही वर्षं आम्ही एका बाकावर काढली. मी एकोणीस वर्षांचा, त्या एक्केचाळीसच्या. पहिल्या दिवशी सरांनी त्यांना दारातच सांगितलं, "पालकसभा शनिवारी आहे." मावशी म्हणाल्या, "मग शनिवारी बी येते. पन आज लेक्चर हाय ना?" आणि सरळ माझ्या बाकापाशी येऊन म्हणाल्या, "सरक रं पोरा." मी पुस्तकातून मान वर न करता सरकलो. पुढे तीन वर्षं सरकलेलाच होतो.

त्या देवळाली प्रवरेजवळच्या एका वस्तीवरून येत. घरात चौदा माणसं, गोठ्यात सहा गाई, चहूबाजूंनी ऊस. पोरं मोठी झाल्यावर त्यांनी पेटीच्या तळातून बारावीची मार्कलिस्ट काढली आणि सासूबाईंपुढे ठेवली. सासूबाईंनी बराच विचार करून तीन वर्षं दिली. "तीन म्हंजे तीन. वर एक दिस न्हाई." धारा आणि भाकऱ्या उरकून कॉलेजात यायचं, हा करार होता. त्यामुळे मावशींच्या वहीला शेणाचा आणि धुराचा वास असे, आणि त्यातली अक्षरं एसटीच्या धक्क्यांनी नाचलेली असत.

वर्गात शिकलेला शब्द संध्याकाळपर्यंत घरातल्या कोणालातरी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा त्या पहिल्याच तासाला वेळेवर हजर. मी आश्चर्याने पाहिलं तर म्हणाल्या, "आमचं सामाजिक नियंत्रण बेलापूरला लेकीकडं गेलंय आठ दिस." सरांनी भूमिका-संघर्ष शिकवला. एकाच माणसाला एकाच वेळी अनेक भूमिका निभावताना होणारी ओढाताण, वगैरे. मावशींनी हात वर केला. "सर, ह्याला आमच्यात सकाळ म्हनत्यात." सर स्वतः इतके हसले की तास तिथेच संपला. लग्नाला गेल्या तरी त्या जेवायच्या आधी पंगती न्याहाळत फिरत: कोण पहिल्या पंगतीला बसलं, कोणाला जिलेबी संपल्यावर बोलावलं. पुस्तकावर मात्र त्यांचा राग होता. "हे लिवनारा मानूस एकत्र घरात ऱ्हायला आसल," त्या मला म्हणत, "पन भाकरी थापाया बसला नसल."

पास होण्यासाठी पुस्तकाशी भांडून चालत नाही, हे मी त्यांना तीन वर्षं समजावत होतो. शेवटच्या वर्षी गाईडमधले संयुक्त कुटुंबाचे सात फायदे मी त्यांच्याकडून घोकून घेतले. नेमका तोच प्रश्न आला: 'उदाहरणासह स्पष्ट करा.' मावशी खुशीत बाहेर आल्या. माझा निकाल लागला. त्यांचा राखून ठेवला. मग विद्यापीठातून चौकशीचं पत्र आलं. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं नाव लिहिणं गैरप्रकारात बसतं, आणि मावशींनी थोरल्या जावेचं नाव आडनावासकट लिहिलं होतं.

सोबत म्हणून मी गेलो. समितीतल्या एका सरांनी ते उत्तर वाचूनच दाखवलं. चौथा मुद्दा: एकोपा. 'उदाहरणार्थ, आमच्या थोरल्या जाऊबाई' – पुढे नाव – 'सर्वांना वाढून शेवटी जेवतात. बावीस वर्षे त्यांच्या वाट्याला कालवण उरत नाही. त्या तसे बोलत नाहीत. म्हणून घरात भांडण होत नाही. यास एकोपा म्हणतात.'

"बाई, नावं लिहायची नसतात," ते सर म्हणाले.

"उदाहरन मागितलं हुतं सर. मंग शेजारनीच्या घरचं दिऊ व्हय?"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समितीने तेवढाच पेपर रद्द केला आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा बसायची मुभा दिली. परतीच्या एसटीत राहुरी जवळ आल्यावर मावशी म्हणाल्या, "तीन वर्सं संपली रं."

घरी सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. "काय लिवलंस गं आसं, पेपर रद्द कराया?" मावशींना खोटं सुचत नसे. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला पाठ हाय." एकदा ऐकूनच पाठ झालेला चौथा मुद्दा मी खाली मान घालून म्हणून दाखवला. थोरल्या जाऊबाई दारात परात घेऊन उभ्या होत्या.

"तुला दिसत हुतं व्हय गं?" जाऊबाई मावशींना म्हणाल्या.

"रोज दिसायचं."

जाऊबाईंनी परात खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि सासूबाईंकडे वळल्या. त्या घरात त्यांना मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नसावं. "आत्याबाई, हिला पेपर दिऊ द्या. तवर हिच्या धारा मी काढीन."

सासूबाई उसाकडे बघत म्हणाल्या, "दे. पन ह्या खेपंला माजं नाव घालू नकु."

त्या खेपेला मावशींनी 'एका कुटुंबातील एक स्त्री' असं लिहिलं आणि चांगले मार्क मिळवून पदवीधर झाल्या. पेढे द्यायला आल्या तेव्हा मात्र फारशा खूश नव्हत्या. "लई परकं वाटलं रं लिवताना. बाईला नाव न्हाई, गाव न्हाई. आसं कुठं मानूस आसतंय?"

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. दुखणं थोड्या दिवसांचंच होतं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मी आता हाच विषय शिकवतो आणि परीक्षा झाल्या की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासत बसतो. संयुक्त कुटुंबाचे फायदे अजूनही येतात. सातच्या सात, त्याच क्रमाने. कुठे नाव आढळलं तर मला वर कळवावं लागेल, नियम तसा आहे. तरीही या वर्षी चौथ्या मुद्द्यापाशी आलो की माझं वाचणं आपोआप मंदावतं. अजून तरी कोणी कोणाचं नाव लिहिलेलं नाही.