एका ओढीत सुटणारी गाठ

ती केस आजही आठवते, पण बाकीच्या केसेस आठवतात तशी नाही. बाकीच्या डोक्यात आहेत, ही जिभेवर आहे. निवृत्त अधिकारी आठवणी लिहायला बसला की आधी आपण पकडलेले दरोडेखोर बाहेर काढतो. माझ्याकडेही आहेत दोन-तीन. त्यांतला एक स्वतःच्या पायाने ठाण्यात हजर झाला होता, ही गोष्ट मी समारंभात सांगत नाही. आज जी सांगणार आहे, ती तर घरीही अर्धीच सांगितली आहे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. घिवलीच्या बाजूचा किनारा आमच्या हद्दीत येत होता. आमचं रोजचं काम म्हणजे कारखान्यांतल्या भंगारचोऱ्या, सालवडच्या कामगारांच्या खोल्यांमधली पगाराच्या दिवशीची मारामारी आणि नाक्यावरची वाहतूक. त्या किनाऱ्यावरच्या एका खाडीगावात मच्छीमार बायकांची एक संस्था होती. खाडीकाठची तिवरं राखणं हे तिचं काम. सरकारी कागदावर त्यांना कांदळवन म्हणतात. रोपं करायची, चिखलात उतरून लावायची, तोडायला येणाऱ्याला हाकलायचं. मुंबईच्या एका दात्याच्या निधीवर हे चालायचं, आणि तो निधी येत्या पावसाळ्यापासून थांबणार होता. आता स्वतःच्या पायावर उभ्या राहा, असं दात्याने कळवलं होतं.

मग बायकांनी तिवरांच्या मुळांमध्ये जाळीचे कोंडवाडे केले. लहान चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडून त्यांत सोडायच्या, मांस भरेपर्यंत पोसायच्या आणि विकायच्या. त्यातून राखणदारांचा पगार आणि रोपवाटिका चालवायची. पोटुशी, पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली तर ती परत खाडीत सोडायची, हा त्यांचा नियम. मुंबईतला एक खरेदीदारही त्यांनी गाठला होता. पावसाळ्यात बोटी बंद असतात, चिंबोरीला मागणी असते. पहिला माल वेळेवर आणि जिवंत पोचला तर वर्षभर माल घेईन, असा त्याचा शब्द होता. त्या एका खेपेवर सगळं लटकलं होतं.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा माझी समजूत एवढीच होती की संस्था म्हणजे झाड लावून फोटो काढणारी माणसं.

मे महिन्यात एका सकाळी त्या संस्थेच्या अध्यक्षबाई ठाण्यात आल्या. वय पन्नाशीचं, पायांना अजून खाडीचा चिखल. पहिल्या खेपेआधी हात बसावा म्हणून त्यांनी थोड्या चिंबोऱ्या दोरीने बांधून शेडमध्ये ठेवल्या होत्या. त्यांतलं एक भरलं पोतं गेलं, अशी त्यांची तक्रार. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. ठाणे अंमलदारासमोर विनोद करायची मला तेव्हा वाईट खोड होती. म्हटलं, "बाई, चिंबोरीला दहा पाय. गेली असेल चालत." सगळं ठाणं हसलं. बाई हसल्या नाहीत. "बांधलेली चालत नाय, सायब," एवढं बोलून त्या निघून गेल्या. तक्रारीची नोंद झाली नाही.

आता टोपलीची गोष्ट. बोईसरला मासळीचा एक बडा व्यापारी होता. दर अमावस्येच्या सुमाराला, म्हणजे चिंबोरी मांसाने भरलेली असते तेव्हा, त्याच्याकडून माझ्या क्वार्टरवर एक टोपली यायची. तशीच लहान टोपली हवालदारांकडे. मी कधी हप्ता खाल्ला नाही, असं मी छाती पुढे काढून सांगत असे. टोपली मी हप्त्यात धरत नव्हतो, माणुसकीत धरत होतो. बाई येऊन गेल्या त्यानंतरच्या रविवारीही टोपली आली. एरवी चिंबोरीच्या नांग्यांवर करकचून आवळलेली दोरी सुरीने कापावी लागते आणि बायको व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. त्या दिवशी तिने लोंबणारं टोक सहज ओढलं आणि गाठ सरकन सुटली. चिंबोरी ओट्यावरून खाली आली, बायको स्टुलावर चढली आणि मी लाटणं घेऊन अर्धा तास तपास केला. आरोपी गॅस सिलिंडरच्या मागे मिळाला. रस्सा असा झाला होता की मी व्यापाऱ्याला मुद्दाम फोन करून शाबासकी दिली.

त्यानंतर चारच दिवसांनी खबर आली. खबरी माझ्या भरवशाचा. त्या बायकांच्या संस्थेचा टेम्पो उद्या सकाळी मुंबईला निघतोय, वर चिंबोऱ्या आणि खाली तिवराची तोडलेली लाकडं आणि कासवं, असं तो म्हणाला. कासवं म्हटल्यावर मला वर्तमानपत्रातला माझा फोटो दिसायला लागला. हा खबरी दिवसभर कोणाच्या गोदामात बसून चहा पितो, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी आठवलं नाही.

सकाळी आठला आम्ही नाक्यावर टेम्पो अडवला. पंच बोलावले, क्रेट उतरवले. एकेक ओलं पोतं उघडलं तसतसे माझे पंच माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. लाकूड नाही, कासव नाही. नुसत्या चिंबोऱ्या. इथे शहाण्या अधिकाऱ्याने पोती झाकून टेम्पोला वाट दिली असती. पण चार माणसं जमली होती, आणि जमलेल्या माणसांसमोर रिकाम्या हाताने मागे फिरायचं प्रशिक्षण आम्हाला कोणी दिलेलं नसतं. मी टेम्पो चौकशीसाठी ठाण्यात घेतला आणि पंचनाम्यात एक वाक्य घातलं: 'संस्थेच्या नावाखाली व्यापार चालत असल्याचे दिसून येते.' वाक्य मला फार आवडलं होतं. म्हणून ते मी वर्तमानपत्राच्या बातमीदारालाही वाचून दाखवलं.

अध्यक्षबाई रिक्षाने मागोमाग आल्या. टेम्पो आवारात उन्हात उभा, आवारात एक झाड नाही. ड्रायव्हर बोईसरला राहणारा परप्रांतीय माणूस, तो प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "साहब, माल मर जाएगा." बाईंना मी समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली. परवाना कुठे, पावती कुठे, खाडी कोणाची. त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवला. ग्रामपंचायतीचा ठराव, वनविभागाचं परवानगीपत्र, सगळं होतं. कागद पुरे पडायला लागले की पोलीस तत्त्वज्ञानाकडे वळतो. मी विचारलं, संस्था आहे ना तुमची, मग धंदा कसला करता?

"मंग कवापरत मागून झाडं जगवायची, सायब?" बाई म्हणाल्या. "देनारा आज हाय, उद्या नाय. तिवर हाय तर चिंबोरी हाय. चिंबोरी इकली तर तिवर राखू. यात चोरी कंची ती सांगा."

मी आवाज चढवला. या चिंबोऱ्या तुमच्याच कशावरून? कोणाच्या तरी जाळ्यातल्या चोरून आणल्या नसतील कशावरून?

बाई उठल्या. टेम्पोतून एक चिंबोरी घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर, स्टेशन डायरीच्या शेजारी ठेवली. दोरीचं एक टोक लोंबत होतं. ते त्यांनी दोन बोटांत धरून ओढलं. गाठ सरकन सुटली.

"ही आमच्या बायांची गाठ," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सुरी लागाय नको म्हनून आमी अशी बसवली. शिकायला म्हयना गेला आमाला. या किनाऱ्यावर दुसरा कोन अशी बांधत नाय. आमचं पोतं गेलं ना, त्याला बी हीच होती. कुटं दिसली तर सांगा."

चिंबोरी डायरीवरून तिरकी चालत निघाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला आमचा ओटा दिसत होता, स्टुलावरची बायको दिसत होती, वाडग्यातला रस्सा दिसत होता. हवालदारांनी पंख्याकडे नजर लावली होती. त्यांच्याही टोपलीला तीच गाठ असणार. वीस वर्षांच्या नोकरीत इतका झटपट उलगडा माझ्या हातून कधी झाला नव्हता. चोरी कोणी केली, माल कुठे गेला, खबर कोणी पाठवली आणि बायकांचा माल थेट मुंबईला गेलेला कोणाला नको होता, सगळं एका क्षणात जुळलं. एकच अडचण होती. मुद्देमाल मी खाल्ला होता.

इथवर मी ही गोष्ट हसत सांगतो. पुढची हसत सांगता येत नाही.

अकरा वाजले होते. त्या क्षणी टेम्पो सोडला असता तर माल वेळेत पोचला असता. सोडायला फक्त माझी एक सही लागत होती. पण सोडायचं कारण डायरीत लिहायचं म्हणजे खबर खोटी होती हे लिहायचं, मग ती कोणी दिली, का दिली, आणि टोपलीपर्यंत सगळं लिहायचं. मला विचार करायला वेळ हवा होता. म्हणून मी म्हटलं, वनविभागाला पत्र पाठवलंय, उत्तर येऊ द्या. पत्र तोवर पाठवलेलंही नव्हतं. ते पाठवलं दुपारी.

बाई दिवसभर टेम्पोपाशी होत्या. गावातल्या बायका खाडीचं पाणी हंड्यांतून आणून पोत्यांवर शिंपडत होत्या. मी खिडकी लावून घेतली, बाहेर ऊन फार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनविभागाचं उत्तर आलं, आक्षेप नाही. टेम्पो सोडला. तोवर निम्म्याहून जास्त माल मेला होता, उरलेला खरेदीदाराने बघितलाही नाही. ज्या गावातून माल पोलीस ठाण्यात जातो, त्या गावाशी व्यवहार नको, असं त्याने कळवलं. बातमी छापून आली होती, माझं वाक्य शीर्षकात. दात्याने निधीचा शेवटचा हप्ता खुलासा येईपर्यंत थांबवला. खुलाशासाठी ठाण्याचं पत्र मागायला त्या बायका आल्या नाहीत. पुन्हा कधीच आल्या नाहीत.

मी बोईसरला व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. खूप काही विचारायचं ठरवून गेलो होतो. त्याने खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "साहेब, रविवारच्या गोड लागल्या ना?"

मी थंड पिऊन परत आलो.

चोरीचा गुन्हा मी दाखल केला, हे सांगायला हवं. अज्ञात इसमाविरुद्ध. त्या अज्ञात इसमाचा मोबाइल नंबर माझ्याकडे होता आणि त्याने बसायला दिलेली खुर्ची अजून पाठीला लागत होती. काही महिन्यांनी 'गुन्हा खरा, पण तपास लागत नाही' असा अहवाल गेला आणि फाइल मिटली. टोपली मी बंद केली. एवढ्यावर मी स्वतःला बरीच वर्षं प्रामाणिक म्हणवून घेतलं.

नव्या पोरांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी खबर तपासून घ्या वगैरे सांगतो. खरं शिकलो ते सांगत नाही. माणसं हात पसरून उभी असतात तोवर आपण त्यांना हार घालतो, सत्कार करतो. त्याच हातांनी ती काही विकायला लागली की परवाना विचारतो. आणि अन्याय करायला माणूस वाईटच असावा लागतो असं नाही. आपली फजिती एक दिवस लांबवायची इच्छा पुरते.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी त्या गावात गेलो. रोपवाटिकेच्या जागी काळ्या पिशव्यांचा ढीग होता. खाडीच्या तोंडाशी तिवरं तुटली होती, भराव पडला होता. बहुतेक बायका बोईसरच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात, असं कळलं. अध्यक्षबाई रस्त्याकडेला टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. एक चिंबोरी उचलून वजन दाखवलं. नांग्यांवर नायलॉनची दोरी होती, करकचून आवळलेली.

मी म्हटलं, "ती एका ओढीत सुटणारी नाही बांधत आता?"

"बोईसरचा शेठ घेत नाय तशी," त्या म्हणाल्या. "जास्तीचा येळ जातो. घरी सुरी असंल ना?"

घरी आणून सुरीने कापली. उलटी केली, पोटावरचं झाकण उचललं. खाली नारिंगी अंडी गच्च भरली होती.