नळाचा कौल
ओली जास्वंदीची पाकळी बोटाला चिकटली की मला साकीनाक्याची आमची चाळ आठवते. ऐंशीच्या दशकात तिथे एकच नवा नळ मिळणार होता. तो आमच्या टोकाला बसवायचा की दुसऱ्या टोकाच्या देवळाकडे, यावरून रोज भांडणं होत. नगरसेवक कोकणातले, माणूस साधा. ते म्हणाले, "देवीला कौल लावू." पुजाऱ्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर नळ आमचा, डावी पडली तर देवळाकडे. देव आहे की नाही, मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मी रस्त्यापलीकडून हंडे आणत होते, म्हणून मीही पाकळीवरून नजर हलवली नाही. उजवी पडली. शेजारीण म्हणाली, "आता तरी मानशील ना गं?" मी नगरसेवकांना विचारलं, "डावी पडली असती तर मी कोणाशी भांडायचं?" ते हसले. "वैनी, देवीशी कोण भांडतं?" मी म्हटलं, "मत मी तुम्हाला दिलंय." त्या नळाचं पाणी मी वीस वर्षं भरलं. त्यांचा खरंच विश्वास होता, की आमची तोंडं बंद करायची ती युक्ती होती, ते अजून कळलेलं नाही. या दोन्हींत जास्त भीती कशाची वाटायला हवी, तेही नाही.