गावपळणीतले हूद

मी तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे आमच्या गावच्या खाडीतले हूद मोजतो. पुस्तकात ज्याला पाणमांजर म्हणतात, तो हा प्राणी. अंगाने लवचीक, शेपटीने चपटा आणि मासे पकडण्यात आमच्या गावातल्या कुणाहीपेक्षा वरचढ. कांदळवनाच्या मुळांत त्याची बिळे असतात. सकाळी पाणी उतरू लागले की हूद सहकुटुंब खडकांवर येतात आणि पलीकडच्या तीरावर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला ते मोजता येतात. मोजणे सोपे आहे. मोजल्यावर काय म्हणायचे, तिथे माझे चुकले.

माझी पहिली मोजणी गावपळणीत झाली. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि आमचा सगळा गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर जातो. माणसांबरोबर गुरे जातात, कुत्री जातात, टोपलीखाली झाकून कोंबड्याही जातात. मागे चूल पेटत नाही, विहिरीवर कळशी वाजत नाही. माळावर झावळांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि तिथे भजने, पत्ते, मुलांचे खेळ यांना ऊत येतो. मीही त्या वर्षी कुटुंबासह राहुटीत होतो. खाडीचा पलीकडचा तीर दुसऱ्या गावाच्या हद्दीत असल्यामुळे तिथे जायला आडकाठी नव्हती. तिन्ही सकाळी मी तिथे जाऊन बसलो आणि एका वेळी अकरा हूद पाहिले.

वहीत मी ओहोटीची वेळ लिहिली, वारा लिहिला, ढगांचे प्रमाण लिहिले. गाव रिकामा आहे, एवढे मात्र लिहिले नाही. विसरलो असतो तर मन आज इतके खात नसते. मी ते जाणूनबुजून वगळले. गावपळण ही देवाची गोष्ट आणि माझी वही विज्ञानाची, अशी वाटणी मी मनात करून टाकली होती. राहुटीत झोपायचे, आरतीला उभे राहायचे आणि वहीत मात्र त्याचा मागमूस ठेवायचा नाही, यालाच मी शास्त्रीय वृत्ती समजत होतो.

पुढच्या दोन वर्षांत त्याच महिन्यात, त्याच जागेवरून पाच आणि चार हूद दिसले. हे आकडे मी संख्येच्या मॉडेलमध्ये घातले. प्राणी जन्मतात किती, मरतात किती, यावरून पुढचा अंदाज बांधणारे ते गणित. आलेखाची रेघ उतरत उतरत थोड्याच वर्षांत शून्याला टेकली. कारण शोधायला मला लांब जावे लागले नाही. खाडीत रात्रभर लावलेली जाळी समोरच होती. हूद जाळ्यांत अडकून मरत असावेत, असे मी अहवालात लिहिले. 'असावेत' या शब्दामागे मी किती आरामात लपलो होतो, हे आता कळते. अहवाल वन खात्याकडे गेला आणि बंधाऱ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत जाळी लावायला कायमची बंदी घालण्याचा प्रस्ताव आला.

त्या पट्ट्यात जाळी लावणारी आठ-दहा घरे होती. त्यांतले एक आमच्या शेजारच्या काकीचे. नवरा गेल्यापासून ती एकटीच होडी वल्हवते आणि सत्तरीतही जाळे स्वतः ओढते. बंदी आली असती तर तिच्या हातचे काम कायमचे गेले असते. प्रस्तावाची बातमी आल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. सुनावणीची नोटीस लागली त्या दुपारी मात्र ती थेट आमच्या घरासमोरच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

"सर," ती म्हणाली. लहानपणापासून तिने मला कधी सर म्हटले नव्हते. "पयल्या वर्सा तू हूद मोजलंस, तेवा आमी खंय होतंव रे?"

तिने स्वतःच माळाकडे हात केला.

"माळार होतंव. खाडयेत ना होडी, ना जाळा. तेवा ते भायर इले. मगे आमी घराक इलंव, ते भितर गेले. ह्यां कळाक कॉलेज कित्याक होया?"

ती उत्तराची वाट न पाहता निघून गेली. मी वही काढली. तीन वर्षांच्या नोंदी पुन्हा वाचताना माझे कान तापले. हूद कमी झाल्याचा पुरावा माझ्याकडे कधी नव्हताच. ते माणसाला बुजतात, एवढेच मी सिद्ध केले होते, आणि तेही नकळत.

सुनावणीच्या महिनाभर आधी पुन्हा कौल झाला आणि गाव बाहेर पडला. या वेळी मी राहुटीतच सगळ्यांना सांगितले की माझ्या मोजणीत चूक असावी आणि ती तपासायला मी पलीकडच्या तीरावर जाणार आहे. काकी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "जातलंस तर नीट मोज. बोटां कमी पडली तर माजी घी," एवढेच म्हणाली.

तिसऱ्या सकाळी धुके विरले आणि कांदळवनातून शीळ ऐकू आली. आधी एक डोके पाण्यावर आले, मग तीन, मग खडकच्या खडक हलू लागले. मी चार वेळा मोजले. चारही वेळा तेरा. त्यांत चार पिल्ले होती. एक पिल्लू आईच्या तोंडातला मासा ओढत होते आणि ती त्याला पुन्हा पुन्हा पाण्यात ढकलत होती. डोळे भरून आल्यामुळे मला दुर्बीण खाली ठेवावी लागली. माझी रेघ खोटी ठरली होती आणि आयुष्यात कशाचाही इतका आनंद मला झाला नव्हता.

देवीने परतीचा कौल दिला, गाव घरी आला, होड्या पाण्यात उतरल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी त्याच जागेवरून पुन्हा मोजले. पाच.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. मी उभा राहून दोन्ही आकडे सांगितले आणि पहिल्या वर्षी काय लिहायचे टाळले होते, तेही सांगितले.

खात्याचे अधिकारी म्हणाले, "म्हणजे सर, आपण आपलाच अहवाल मागे घेत आहात?"

"होय. तो अपुरा होता आणि त्याला मी जबाबदार आहे."

"पण तेराचे पाच झाले, ही घटच नाही का?"

मी काही बोलण्याआधी मागून काकीचा आवाज आला. "तीन दिसांत आठ हूद आमी खाल्लंव काय रे बाबा? सांग तरी, खंयच्या मसाल्यात?"

सभागृहात हशा पिकला. अधिकारीही हसले. मग त्यांनी चष्मा पुसला, माझ्या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि प्रस्ताव रद्द करण्याची शिफारस करत असल्याचे सांगितले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग टाळ्या थांबेनात. पिल्ले असलेल्या कांदळवनापासून जाळी चार हात लांब लावायचे जाळेवाल्यांनी तिथेच आपणहून कबूल केले. माझ्या अहवालाने जे हुकमाने मागितले होते, त्यातले खरोखर गरजेचे तेवढे त्यांनी हसत देऊन टाकले.

त्या संध्याकाळी मी खाडीवर गेलो. काकी होडीत जाळे चढवत होती.

"माजी चूक झाली गे काकी," मी म्हणालो.

"ती आयकलंय. सगळ्या गावान आयकल्यान." तिने जाळ्याचे एक टोक माझ्याकडे फेकले. "आता ह्यां धर. नि ताठ उभो रव, पडशीत."

मी गुडघाभर पाण्यात उतरून टोक घट्ट धरले. होडी दूर जाऊ लागली, तसे जाळे उलगडत गेले.