उभ्या गाडीचं डिझेल

आमच्या दंत तपासणीच्या बसचा तक्ता मी तयार केला होता. रकाने अकरा: निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, किलोमीटर, डिझेल, रुग्ण, काढलेले दात, भरलेले दात वगैरे. माझे तक्ते चुकत नाहीत असा माझा समज होता. संस्थेत सगळ्यांचाच होता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

ती बस एका शाळेची जुनी बस. सीटं काढून, खिडक्यांवर सनमायका ठोकून तिच्यात दातांच्या दोन खुर्च्या बसवल्या. ड्रिल, दिवे, पंखे सगळं इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर चार्ज होणार इंजिनवर. खरं तर वेगळा जनरेटर ठरला होता. त्याच्या जागेवर उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या रचल्या, त्या गेल्यावर बॅनर आले, आणि बॅनर अजून तिथेच आहेत. जनरेटर कधी आलाच नाही. हे मला माहीत होतं. तरीही माझ्या तक्त्यात डिझेलची तुलना फक्त किलोमीटरशी होती.

दर महिन्याला हरसूलच्या बाजाराच्या दिवशी बस तिकडे जायची. जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. वीस लिटर लागायला हवं, तिथे तीस लागत होतं. तीन महिने सलग. मी त्या आकड्यांवर लाल गोल केले आणि मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवला.

"मॅडम, गाडी काही एवढं पीत नाही," आमचे सचिव म्हणाले. "पिणारा कोणीतरी वेगळा आहे."

ड्रायव्हरकाकांना आत बोलावलं. नांदगावकडचे, साठीला आलेले, तीस वर्षं प्रवासी गाड्या चालवलेले. टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

"काका, दहा लिटर जातं कुठे?" मी विचारलं.

"कुठं जाईल ताई? पाच-पाच तास इंजिन चालू ऱ्हातं."

"पण गाडी उभी असते ना?"

"गाय गोठ्यात उभी ऱ्हाते म्हणून तिचा चारा बंद करता का?"

सचिव मोठ्याने हसले. "काका, हिशेब विचारला तर गाय दाखवता?"

मीही हसले. तो माझा हसरा चेहरा आठवला की आजही संताप येतो. इतिवृत्तात ओळ लिहिली गेली: "डिझेलच्या गैरवापराबाबत चालकास समज देण्यात आली." अक्षर माझं. दुसऱ्या दिवशी मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

काका एवढंच म्हणाले, "ताई, पुढच्या बाजाराला तुमी बी चला."

मी गेले. बस बाजाराच्या कडेला लागली तेव्हाच दारात रांग होती. इंजिन धडधडत होतं. अर्ध्या तासाने एक रुग्ण उतरला, दुसरी चढत होती. मी काकांना म्हटलं, "आता मध्येच कशाला चालू ठेवता? बंद करा."

"डॉक्टरीणबाईंना इचारा."

"मी सांगतेय ना."

त्यांनी किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. थोडा वेळ सगळं नीट चाललं आणि माझा माझ्यावरचा विश्वास वाढला. मग आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कोणी बंद केलं? अर्धा दात कोरलाय यांचा." ड्रिल मंद होत होत थांबलं होतं. बॅटऱ्या जुन्या, इंजिनशिवाय दम धरत नव्हत्या. खुर्चीतली बाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. काकांनी इंजिन चालू केलं.

ती बाई उतरताना गाल धरून मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरची चक्की बी अशीच मधी बंद करता का?"

परत आल्यावर मी आवारात मोजणी केली. टाकी गळ्यापर्यंत भरली, कुलूप लावलं, बस जागेवर उभी, पाच तास इंजिन, दिवे, पंखे, ड्रिल चालू. मी खुर्ची टाकून शेजारी बसले. चाक तसूभर हललं नाही. मग मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. पावणेदहा लिटर.

हे मोजायला मला एक दिवस लागला. संशयासाठी मी तीन महिने आकडे जमवले, पण हा एक दिवस कधी काढला नाही.

सचिवांना कागद दाखवला. "बरं झालं, कळलं," ते म्हणाले. "पुढे लक्षात ठेवू."

"आणि इतिवृत्तातली ओळ?"

"ती राहू द्या हो. मंजूर झालेलं कशाला खोडायचं? कोण वाचतं?"

काका वाचतात. त्यांनी कार्यालयातल्या शिपायाकडून इतिवृत्ताची वही मागून ती ओळ वाचली होती, दोनदा. मी वही उघडली, ओळीवर सरळ रेघ मारली, शेजारी लिहिलं, "चूक माझी. उभ्या गाडीचं डिझेल मोजलं नव्हतं." खाली सही केली. सचिव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही बोलायचं नव्हतं. तक्त्यात बारावा रकाना टाकला: उभी, तास.

मग किल्ली घेऊन काकांकडे गेले. "कुलूप काढते," म्हटलं.

ते टायरची हवा बघत होते. वर न बघता म्हणाले, "नगा काढू, ताई. ऱ्हाऊ द्या. किल्ली बी तुमच्याकडंच ठेवा. उद्या पुन्यांदा कोणी कायी म्हणायला नको."

"मी म्हणणार नाही, काका."

"तुमी नाय म्हणणार. पर कुलूप बरं हाय."

तेव्हापासून हरसूलच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पंपावर असते. काका गाडी लावतात, खाली उतरतात आणि टाकीपासून चार पावलं लांब उभे राहतात. मी कुलूप उघडते, डिझेल भरून होतं, मी कुलूप लावते. तेवढ्या वेळात ते टाकीला हात लावत नाहीत.