झुलालनानांनी सांगितलेला दोष

अमळनेरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर झुलालनानांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि त्या वर्कशॉपात चुका होत नसत. निदान नानांचं तसं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं त्यांनी तेलाच्या गिरणीत फिटर म्हणून काढली होती. फिरत्या मशीनला लाकडी दांडी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. ऐंशी सालाच्या आसपास निवृत्त झाल्यावर त्यांनी बंदूक दुरुस्तीचा परवाना काढला. वडिलांचाही तोच धंदा होता. खानदेशातल्या ज्या कुणाकडे परवान्याची बंदूक होती, तो एकदा तरी नानांच्या बाकड्यासमोर उभा राहिलेला असायचा.

माणूस हुशार होता यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच पाठ झालं होतं. गिऱ्हाईक दारात आलं की तक्रार पुरती ऐकून घ्यायच्या आधीच ते दोष कुठे आहे ते सांगून मोकळे व्हायचे, आणि चिडायची गोष्ट अशी की दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळेचं कुणी लक्षात ठेवलं नाही. नानांनी तर नाहीच नाही.

अभिमन पाटील त्यांच्याकडे आला तो ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. चोपड्याजवळच्या एका गावचा केळीवाला, वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने दणकट. शेती, घर आणि वडिलांकडून आलेली एक मोठी रायफल, एवढंच त्याचं जग. रायफलीवर दुर्बीण बसवलेली होती. महिन्यातून एक रविवार तो धुळ्याला लळिंगच्या बाजूच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचा आणि दोनशे मीटरवरून पाच गोळ्या अशा मारायचा की पाचही भोकं एका बत्ताशाखाली झाकली जावीत. सरळ, शांत हाताचा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. गावात कुणाच्या बैलाच्या डोळ्यात कुसळ गेलं तरी काढायला अभिमनभाऊला बोलावत.

पण केळीची ट्रॉली भरताना तो वरून पडला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण रायफलीचा धक्का सोसेना.

"नाना, बार काढा का खांदामा कय उठस," तो म्हणाला आणि एका परदेशी मासिकातलं चित्र त्याने बाकड्यावर ठेवलं. नळीच्या तोंडावर बसवायचा एक लोखंडी तुकडा होता, बाजूंना भोकं पाडलेला. गोळीमागचा वायू त्या भोकांतून आडवा निघून जातो आणि मागे बसणारा धक्का निम्म्यावर येतो. त्याला मझल ब्रेक म्हणतात.

नानांनी चित्र पाहिलं, नळी हातात फिरवली. "व्हई जाई. आठ दिन दे," ते म्हणाले.

आठ दिवसांत त्यांनी ब्रेक बनवला. नळी लेथच्या फिरत्या पकडीत धरली, बाहेरून गोलाई मोजायचं घड्याळासारखं डायल गेज लावून काटा तसूभरही हलणार नाही इतकी मध्यावर आणली, टोकाला आटे पाडले आणि ब्रेक त्यावर असा चढवला की जोड नखाला लागू नये. काम इतकं देखणं झालं होतं की नानांनी ते शेजारच्या सायकलवाल्यालाही बोलावून दाखवलं. अभिमनने धुळ्याला पहिला बार काढला आणि खांदा चोळायला हात उचलला, पण चोळायची गरजच पडली नाही. तो लहान पोरासारखा हसला.

मग त्याने कागद पाहिला. बत्ताशाखाली मावणारी भोकं ताटभर पसरली होती.

मैदानाची व्यवस्था मोतीलाल पाहायचा. धुळ्यात त्याचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. त्याने नानांना निरोप धाडला, आणि नाना हत्यारांची पेटी घेऊन एसटीने धुळ्याला हजर झाले. दोष दुर्बिणीत आहे हे त्यांनी बसमधून उतरायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि काय सांगावं, दोष खरंच सापडले. दुर्बीण ज्या पट्टीवर बसते तिचा पुढचा स्क्रू लांबीला जास्त होता. तो तळाला जाऊन टेकायचा, हाताला घट्ट लागायचा, पण पट्टी धरायचाच नाही. दुर्बिणीला आवळणाऱ्या दोन कड्या एका रेषेत नव्हत्या, त्यामुळे दुर्बिणीची नळी पिळली जात होती. तिच्यावर कडीचा चावा उठलेला स्पष्ट दिसत होता. नानांनी स्क्रू कापला, कड्या घासून एका रेषेत आणल्या, तेल पुसून सगळं पुन्हा बसवलं. गोळ्या थोड्या जवळ आल्या. ताटाची वाटी झाली म्हणा. नानांना तेवढं पुरे होतं.

अभिमनला पुरे नव्हतं. दोन महिन्यांत तीनदा नाना मैदानावर आले. दुसऱ्याची दुर्बीण लावून पाहिली, काडतुसं बदलली, रायफलीचा लाकडी दस्ता सोडवून पुन्हा आवळला. वाटी काही लहान होईना. शेवटी मोतीलाल दबकत म्हणाला, "नाना, एकदा ब्रेक काढून पाच गोळ्या मारून बघू या का?"

नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा काडतुसांची खोकी मोजायला लागला. "दुर्बीण ढिली व्हती, ती बसाडी. ब्रेकले हात लावानं काम नही," नाना म्हणाले.

आता बघा, एवढी उलथापालथ केली, पण जी एक गोष्ट नवीन बसवल्यापासून बिघाड सुरू झाला, तीच तेवढी कुणी उघडली नाही. कारण ती नानांच्या हातची होती. मला तर आजही याचा राग येतो. शेंबड्या पोरालाही सुचेल ते नानांना सुचलं नाही असं नाही. सुचलं असणार, पण त्यांनी ते मनात येऊ दिलं नाही.

मग मैदानावर आठदहा माणसं उभी असताना ते अभिमनकडे वळले.

"अभिमन, बंदूक एकदम बरोबर शे. दोष तुन्हा हातमा शे. हात हालस तुन्हा."

अभिमनने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, रायफल पुसून खोळीत घातली आणि तो निघून गेला. नानांनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

चार महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, मोतीलाल ती रायफल घेऊन अमळनेरला आला. अभिमनने ती विकायला म्हणून त्याच्या दुकानात रीतसर जमा केली होती. गिऱ्हाईकही मिळालं होतं, पण त्याला ब्रेक नको होता. तेवढा काढून आट्यांवर टोपी बसवून द्यायची होती.

नानांना जरा वाईट वाटलं ते आपला देखणा ब्रेक कुणाला नको असल्याचं. त्यांनी तो पान्याने सोडवला, काजळी पुसावी म्हणून चिंधी फिरवली आणि सवयीने उजेडाकडे धरून आतून पाहिलं.

गोळी बाहेर पडते त्या भोकाच्या एका कडेला गोळीवरच्या तांब्याचा लालसर ओरखडा होता. एकाच कडेला, आणि चांगला खोल. समोरची कडा कोरी होती.

नानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं. ओरखडा तिथेच होता. प्रत्येक गोळी बाहेर पडताना त्या कडेला घासून जात होती. घासलेली गोळी कधी इकडे, कधी तिकडे. नानांच्या हातातून चिंधी खाली पडली. मोतीलाल चहा सांगायला निघाला होता, तो नानांचा चेहरा पाहून दारातच थांबला.

"काय झालं, नाना?"

नानांनी नळी लेथला लावली. बाहेरून गेज टेकवलं, लेथ हाताने फिरवलं. काटा जागचा हलला नाही. त्यांचं काम अजूनही बिनचूक होतं. मग त्यांनी नळीच्या भोकात घट्ट बसणारी एक सरळ सळई घातली, तिचं टोक बाहेर ठेवलं, त्या टोकाला गेज लावलं आणि पुन्हा फिरवलं. काटा नाचायला लागला.

नाना स्टुलावर बसले. तीस वर्षं गिरणीत त्यांनी मशीनचे फिरते दांडे, शाफ्ट, मध्यावर आणले होते. शाफ्ट भरीव असतो. बाहेरून गोल आला की तो मध्यावर आला. पण रायफलीची नळी पोकळ, आणि गोळी नळीच्या बाहेरून नाही, भोकातून जाते. भोक बाहेरच्या गोलाच्या अगदी मध्यात असेलच असं नाही. या नळीत ते नव्हतं, म्हणून बाहेरच्या गोलाला धरून बसवलेला ब्रेक गोळीच्या वाटेत येत होता. बंदुकीवर काम करणाऱ्या कुणाही माणसाने आधी भोक पाहिलं असतं. नानांनी शाफ्ट पाहिला.

"ब्रेक फुटला असता," मोतीलाल हळूच म्हणाला. "मी दर वेळी बाजूलाच उभा असायचो."

पण नाना तेवढ्याने हादरले नव्हते. त्यांच्या कानात वेगळंच वाक्य घुमत होतं, त्यांचं स्वतःचं, आठदहा माणसांसमोर बोललेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोतीलालबरोबर धुळ्याच्या मैदानावर गेले. ब्रेक नसलेल्या रायफलीतून मोतीलालने पाच गोळ्या मारल्या. तो काही मोठा नेमबाज नव्हता, तरी पाचही भोकं एका बत्ताशाखाली आली. नानांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, ब्रेक रुमालात बांधला आणि चोपड्याची गाडी पकडली. वाटेत त्यांनी मनाची तयारी केली. अभिमन शिव्या देईल, कदाचित अंगावर धावून येईल. येऊ दे. खरं तर ते त्याचीच वाट पाहत होते.

अभिमन ओसरीवर खुर्चीत बसला होता. नानांनी त्याला आधी ओळखलंच नाही. चार महिन्यांत माणूस सुकून गेला होता. समोर त्याची बायको वच्छलाबाई बसली होती आणि बशीत चहा ओतून ती बशी त्याच्या ओठांना लावत होती. नाना पायरीवरच थबकले. पक्षाघात झाला की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"हाई काय व्हयनं याले?" त्यांनी विचारलं.

वच्छलाबाईने बशी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "हात हालस ना त्यासना, नाना. तुम्हीनच सांगं व्हतं. तवपासून ट्रॅक्टर सोडं, खुरपं सोडं, गरम कप हातमा लेतस नही. म्हने पोरना अंगवर सांडी जाई. दाढी मी करस."

तिने पदराने बशीची कड पुसली. नाना मान खाली घालून ओसरीवर टेकले, रुमाल सोडला, ब्रेक आणि कागद अभिमनच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. शाफ्ट सांगितला, भोक सांगितलं, तांब्याचा ओरखडा बोटाने दाखवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले.

"चूक मन्ही शे, अभिमन. तुन्हा हात हालत नही व्हता. कधीच नही."

अभिमनने कागद पाहिला. पाचही भोकं त्याने नजरेने मोजली. नाना वाट पाहत होते. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"तवय हालत नही व्हता?" त्याने विचारलं.

"नही."

"खरं सांगतस ना, नाना?"

"ब्रेक तुन्हासमोर शे. देख."

अभिमनने ब्रेक घ्यायला उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. बोटं लोखंडाला लागली, ब्रेक खुर्चीच्या कडेवर खडखडला आणि खाली पडला. अभिमनने हात तसाच पुढे धरून ठेवला, नानांना नीट दिसावा म्हणून.

"मंग आते कसाले हालस?" तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो मिस्तरीला विचारत होता, इतकी वर्षं सगळे विचारायचे तसंच, आणि नाना सांगतील ते ऐकायला त्याने मान जरा पुढे केली होती. नानांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाबून धरला. तो थांबेना. वच्छलाबाई नानांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि नानांना मैदानावरचं आपलंच वाक्य पुन्हा ऐकू येत होतं.